विल्मट जेक्सची हद्द

विल्मट जेक्सनं आयुष्याची पस्तीस वर्षं एक रेषा मोकळी ठेवण्यात घालवली. कागदावर रेषा ओढायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. जंगलातून ओढायची तर कोयते लागतात, आणि एकदा ओढून भागत नाही. पाऊस सरला की तीच रेषा पुन्हा शोधावी लागते, कारण दोन सरकारांत झालेला तह वेलींना कुणी वाचून दाखवलेला नसतो. आमची वसाहत, तेव्हाची ब्रिटिश होंडुरास आणि आत्ताची बेलीझ, जिथं संपते आणि ग्वाटेमाला जिथं सुरू होतो, ती ही रेषा. आमच्या बेंके गावापासून चालत तासाभरावर.

एकतीस साली दोन्ही बाजूंच्या मोजणीदारांनी मिळून तिथं हद्दीचे खांब उभे केले, तेव्हा वीस वर्षांचा जेक्स पाठीवरून सिमेंटची पोती वाहत होता. तो बेलीझ शहरातला क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातला, काळाकभिन्न आणि ताडासारखा उंच. आमच्या गावातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बुटक्या माणसांत तो चर्चच्या मनोऱ्यासारखा लांबून दिसायचा. खांब उभे राहिले, बाकीचे मजूर शहरात परतले, हा मात्र राहिला. गावच्या पोलिसाची मुलगी ऑर्फा हे त्याचं कारण. पुढं मोजणी खात्यानं त्याला हद्दीच्या टोळीचा मुकादम केलं. जानेवारी ते मे, आठ माणसं, आठ कोयते, मैद्याची पोती, खारवलेल्या डुकराच्या शेपट्या आणि घेवडा. अंगात माशीच्या अळ्या पडायच्या, त्या तंबाखूच्या पाण्यानं बाहेर काढायच्या. एकोणपन्नास साली टोळीतल्या पाब्लो त्सूलला पिवळ्या हनुवटीचा साप डसला. जेक्स आणि पाब्लोचा भाऊ निकासियो यांनी त्याला झोळीत घालून दोन दिवस रेषेरेषेनं वाहून आणलं. नदी दिसली आणि पाब्लो गेला. तिथंच, रेषेवर, त्याला पुरलं. ज्या रेषेबद्दल पुढं मोठमोठ्या टेबलांवर चर्चा झाल्या तिच्या खाली आमचा एक माणूस पुरलेला आहे, हे त्या टेबलांवर कुणाला माहीत नव्हतं.

रेषेच्या पलीकडे युलालियो चायाश राहायचा. ग्वाटेमालाच्या बाजूचा मका पिकवणारा, ठेंगणा, दात किडलेला, जिभेनं तिखट. त्यानंही एकतीस साली तिकडच्या बाजूनं पोती वाहिली होती. दोघांची तेव्हापासूनची ओळख. मीठ संपलं की चायाश इकडं यायचा, मिरची संपली की जेक्स तिकडं जायचा, आणि त्यामुळं कुणाचं राज्य बुडालं नाही.

राज्यांची भांडणं वेगळीच होती. ग्वाटेमाला म्हणायचा, जुना तह तुम्ही पाळला नाहीत, तेव्हा सगळी वसाहतच आमची. इंग्रज म्हणायचे, छे, आमची. म्हणजे घर आमचं, आणि मालकी सांगणारे दोघंही दाराबाहेरचे. आम्हाला स्वातंत्र्य हवं होतं. पण हे भांडण मिटल्याशिवाय इंग्रज जायला तयार नव्हते, आणि आमचेही पुष्कळ जण म्हणत की इंग्रज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडचं सैन्य येईल. शेवटी पासष्ट साली दोघांनी अमेरिकेला मध्ये घातलं. अमेरिकेनं एक नामांकित वकील मध्यस्थ म्हणून नेमला. आता दोनतीन वर्षांत निकाल लागेल, मग झेंडा, असं रेडिओवर सांगितलं गेलं.

जेक्सला त्याचा आनंद झाला होता हे मुद्दाम सांगायला हवं. पुढं लोक म्हणाले की तो आधीपासूनच फितूर होता. तसं काही नव्हतं. त्याला मनापासून वाटलं होतं की कुणीतरी शहाणा, तिऱ्हाईत माणूस येईल, खांब बघेल, मोजेल, आणि म्हणेल, बरोबर आहे, ही जमीन इथून तिथपर्यंत यांची. आपण इतकी वर्षं ती स्वच्छ ठेवली याचा उपयोग होईल, असंही त्याला वाटत होतं.

पहिला धक्का खात्याकडूनच बसला. सदुसष्टच्या जानेवारीत टोळी निघायच्या बेतात असताना पत्र आलं की मध्यस्थी चालू असेपर्यंत हद्दीवर कसलंही काम करू नये, एका पक्षाला ते चिथावणीसारखं वाटेल. जेक्सनं पत्र दोनदा वाचलं. साफसफाई ही चिथावणी कशी होते, हे त्यानं खात्याला लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. जंगलानं मात्र लगेच उत्तर दिलं. एका पावसाळ्यात रेषा कमरेपर्यंत बुजली.

पुढच्या फेब्रुवारीत मध्यस्थाच्या कचेरीतला एक तरुण वकील पश्चिमेचा भाग बघायला आला. कॅल्डर त्याचं नाव. खात्यानं जेक्सला त्याच्यासोबत जायला सांगितलं. जेक्सनं इस्त्रीचा शर्ट घातला, तीन दिवसांचा शिधा बांधला, घोडी ठरवली. दक्षिणेकडचे खांब दाखवायचे, पाब्लोची जागा दाखवायची, अरेनाल गावातलं चेंडूचं मैदान दाखवायचं, जिथं रेषा मैदानाच्या मधून जाते, असा सगळा बेत. कॅल्डर जीपमधून उतरला तो नदीजवळच्या पहिल्या खांबाशी, आणि म्हणाला की त्याला दुपारी विमान गाठायचंय. वीस मिनिटं होता. खांबाचे दोन फोटो काढले. माणूस उद्धट नव्हता. घाम पुसत, वही उघडून त्यानं एक प्रश्न विचारला.

"ही रेषा इथं नसती, तर तुमच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला असता?"

जेक्सला प्रश्न आवडला. कुणीतरी विचारतंय तर नीट सांगावं म्हणून त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. मिठाचं सांगितलं, मिरचीचं सांगितलं, लग्नं इकडून तिकडं होतात, बाळंतिणीला सुईण तिकडून येते, रविवारी चेंडू हद्द ओलांडून गेला तर कुणी परवाना मागत नाही. कॅल्डर भराभर लिहीत होता. मग जेक्स म्हणाला, "हे झालं रोजचं. आता खरं ऐका. चोपन्न साली तिकडचं सरकार उलथलं. माझ्या ओळखीचा एक माणूस, जमीनवाटपाच्या समितीत होता, एवढाच त्याचा गुन्हा. शिपाई त्याला धरायला आले. तो पळत सुटला आणि याच खांबाशेजारून इकडं आला. शिपाई मागोमाग. रेषेवर आले आणि थांबले. एक बूट इकडं टाकला नाही त्यांनी. मी उभा होतो ना इथं. रेषा नसती तर आज तुम्हाला त्याची कबर दाखवली असती."

कॅल्डरचं पेन थांबलं होतं. "त्या माणसाचं नाव?"

"ते नाही सांगायचा."

"का?"

"तो परत गेलाय तिकडं. बायको तिथं, मका तिथं."

"नावाशिवाय हे मला नोंदवता येत नाही, मिस्टर जेक्स. ऐकीव ठरतं."

"ऐकीव कसं? मी बघितलं म्हणतोय ना."

कॅल्डरनं वही मिटली. तो माणूस चायाश होता. पाऊस लागून टोळी घरी गेली होती, जेक्स एकटाच हत्यारं आवरायला मागं राहिला होता, आणि त्यानं चायाशला तीन आठवडे टोळीच्या झोपडीत लपवून ठेवलं होतं. ही गोष्ट ऑर्फाशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हती. पलीकडं गोष्टी अजून निवलेल्या नव्हत्या, उलट त्या वर्षांत तिकडं माणसं घरातून उचलली जात होती आणि परत येत नव्हती. गावात नाव घेतलं की ते संध्याकाळपर्यंत हद्दीपलीकडच्या चौकीत पोचलंच म्हणून समजा.

जीपकडे जाता जाता जेक्सनं विचारलं, "आम्हाला तुम्ही लोक कधी विचारणार?"

"वादात पक्ष दोनच आहेत," कॅल्डर म्हणाला. "ब्रिटन आणि ग्वाटेमाला."

"मग आम्ही कोण?"

कॅल्डर जरा अडखळला. "तुम्ही म्हणजे... वादाचा विषय."

जेक्सनं घरी येऊन हे जसंच्या तसं ऑर्फाला सांगितलं. ती चुलीशी भात आणि घेवडा ढवळत होती. म्हणाली, "विषय? म्हणजे आपण काय शाळेतला भूगोल झालो?" आणि तीन दिवसांचा बांधलेला शिधा तिनं निमूटपणे सोडून पुन्हा डब्यात भरला.

अडुसष्टच्या एप्रिल-मेमध्ये मध्यस्थानं केलेला तहाचा मसुदा फुटला. बेलीझ शहरात कुणीतरी त्याच्या प्रती काढल्या आणि ट्रकवाल्यांच्या हाती त्या गावोगाव पोचल्या. जेक्सची मुलगी व्हर्ना गावच्या शाळेत शिकवायची. तिनं व्हरांड्यात बसून तो वाचून दाखवला. शेजारपाजारचे पंधरावीस जण ऐकायला जमले होते. वसाहत स्वतंत्र होणार, असं पहिल्या पानावर होतं. पुढच्या पानांवर ते स्वातंत्र्य एकेक करून काढून घेतलं होतं. बाहेरच्या देशांशी बोलायचं ते ग्वाटेमालाच्या मार्फत. संरक्षण ग्वाटेमालाच्या सल्ल्यानं. त्यांचा माल, त्यांची माणसं, आपली बंदरं, सगळं खुलं. एखाद्याला घर द्यायचं, आणि दार, स्वयंपाकघर आणि विहीर शेजाऱ्याकडे ठेवायची, तसलं ते देणं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी निदान शेळ्यांची संख्या तरी विचारावी. इथं तेवढंही नव्हतं.

मसुद्याला एक टिपण जोडलेलं होतं. ते कुणी जोडलं, कुठं जोडलं, कुणास ठाऊक, पण प्रतीबरोबर होतं. ते वाचता वाचता व्हर्ना थांबली. वडिलांकडे बघून म्हणाली, "पा, हे तुमच्याबद्दल आहे." मग हलक्या आवाजात वाचलं: पश्चिम सीमेवर दीर्घकाळ काम केलेल्या एका स्थानिक मजुराशी झालेल्या बोलण्यावरून असे दिसते की, रहिवासी सीमारेषा रोज मुक्तपणे ओलांडतात आणि व्यवहारात तिला महत्त्व देत नाहीत.

कॅल्डरला रेषेवर कोण घेऊन गेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. एकेक जण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी जेक्स गावचा न्हावी डॉन सेल्सो, म्हणजे सेल्सोराव, याच्या सलूनमध्ये गेला. खुर्च्या भरलेल्या होत्या. डॉन सेल्सोनं वस्तरा पट्ट्यावर घासत विचारलं, "या मिस्टर जेक्स. दाढी इकडची करू की तिकडची? आपल्याला काय, फरक पडत नाही ना?" लोक हसले. जेक्स आल्या पावली परत गेला आणि त्यानंतर दोन महिने ऑर्फानंच त्याची दाढी केली. बाजारात कुणी म्हणे, हा शहरचा, आपला कधी नव्हताच. कुणी म्हणे, गोऱ्यानं जीपमधून मिरवलं की माणूस विरघळतो. हे सगळं त्यानं सोसलं. निकासियो त्सूल दारात आला ते मात्र सोसवलं नाही. निकासियो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर टोपी हातात धरून एवढंच म्हणाला, "माझा भाऊ जिच्यापायी मेला तिला महत्त्व नाही, असं सांगितलंस तू त्यांना?"

"अर्धंच लिहिलं रे त्यांनी. अर्धंच."

"मग उरलेलं अर्धं मला सांग."

"ते नाही सांगता येत," जेक्स म्हणाला. निकासियो टोपी घालून निघून गेला.

त्या रात्री जेवताना ऑर्फा म्हणाली की सांगून टाका एकदाचं. जेक्सनं मान हलवली. तिकडं त्या माणसाला झाडाला बांधतील, म्हणाला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती गावावर नव्हती. आपण विश्वासानं तोंड उघडलं, आणि त्या माणसानं आपल्याच तोंडातलं अर्धं वाक्य कापून आपल्याच देशाच्या विरुद्ध वापरलं, याची ती आग होती. खोटं लिहिलं असतं तर खोटं म्हणता आलं असतं. लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता, आणि म्हणूनच ते पुसून काढायची सोय नव्हती.

तो संत्र्यांच्या ट्रकवर बसून बेलीझ शहरात गेला. सरकारी कचेरीत दीड दिवस बाकावर बसवल्यावर एका साहेबानं सांगितलं की हे टिपण आमचं नव्हे, अमेरिकनांकडे जा. अमेरिकन वकिलातीच्या काचा आदल्या दिवशीच्या मोर्चात फुटल्या होत्या. दार अर्धं लावलेलं. आतल्या कारकुनानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की लेखी द्या. जेक्स म्हणाला, देतो. कारकून म्हणाला, त्या माणसाचं नाव, गाव आणि सही लागेल. जेक्स म्हणाला, सगळं देतो, नाव नाही. कारकुनानं दुसरी तोड काढली, की टिपण अधिकृत प्रसिद्ध झालेलंच नाही, त्यामुळं त्यात दुरुस्ती करण्याचा प्रश्न येत नाही.

"अहो, अख्खं गाव वाचून बसलंय ते."

"अधिकृतपणे नाही," कारकून म्हणाला.

हद्द झाली. जेक्स बाहेर आला तेव्हा रस्त्यावरून दुसरा मोर्चा येत होता. गोदी कामगार, मासेवाल्या, शाळेची मोठी मुलं, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या. तो त्यात शिरला. फिरत्या पुलाजवळ पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि त्याच्या शेजारची एक बाई रुमालात थुंकत म्हणाली की या वयात कालव्याच्या कडेला ओकायला लावतायत मेले. जेक्सच्या हातात कुणीतरी दगड दिला होता. त्यानं तो मारला नाही. पुढं कित्येक वर्षं तो म्हणायचा, मारायला हवा होता.

मोर्च्यांनी म्हणा, कशानं म्हणा, मसुदा बारगळला. आमच्या पुढाऱ्यांनी नाकारला, विरोधकांनी नाकारला, मग लंडननंही हात झटकले. गावात फटाके वाजले. जेक्सच्या दारासमोर जरा जास्तच वाजले.

फटाके विझल्यावर चार दिवसांनी त्यानं कोयत्याला धार लावली. मध्यस्थी संपली होती, पण काम सुरू करा असं पत्र कुणी पाठवलं नव्हतं. तो पत्राची वाट बघत थांबला नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस एकटा पहिल्या खांबापाशी गेला आणि रेषा तोडत दक्षिणेकडं निघाला. दोन पावसाळ्यांचं रान. पहिल्या दिवशी शंभर पावलं झाली, दुसऱ्या दिवशी सत्तर. तिसऱ्या दिवशी पाठीमागं दुसरा कोयता ऐकू आला. निकासियो होता. त्यानं रामराम केला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "पाब्लोच्या जागेपर्यंतचं मी तोडणार. तुझ्या हातानं ते नको." आणि दोघं एका रेषेवर, एकमेकांशी न बोलता, आठवडाभर तोडत राहिले.

पलीकडून चायाश कोयत्यांचा आवाज ऐकून आला. नेहमीसारखी तंबाखू पुढं केली. निकासियोनं घेतली. जेक्स बराच पुढं, झाडीत होता. चायाशनं विचारलं की तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे रुसून का बसलाय, आणि निकासियोनं सगळं सांगितलं, सलूनमधल्या दाढीसकट. चायाशनं ऐकलं, थुंकला, आणि आपल्या मक्याकडं निघून गेला.

पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, डॉन सेल्सोचं सलून माणसांनी भरलं असताना युलालियो चायाश दारात येऊन उभा राहिला. स्वच्छ शर्ट, पायांत बूट. लोक आधी समजलेच नाहीत की हा कशाला आलाय. तो म्हणाला, "माझं नाव युलालियो चायाश. चोपन्न साली शिपाई माझ्या मागं लागले होते. मी पळत रेषेच्या इकडं आलो, ते तिकडं थांबले. जेक्सनं मला तीन आठवडे लपवलं. गोऱ्याला त्यानं हेच सांगितलं होतं. नाव सांगितलं नाही म्हणून गोऱ्यानं लिहिलं नाही." मग डॉन सेल्सोकडे वळून म्हणाला, "आता माझी दाढी कर. इकडची."

डॉन सेल्सोनं केली.

जेक्सला कळलं तेव्हा तो धावत आला, आणि गावाला वाटलं की हा आता मित्राला मिठी मारेल. त्यानं चायाशची कॉलर धरली. "मूर्खा, दोन महिने मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या काय हौसेनं? आता परत कसा जाशील?"

चायाशनं कॉलर सोडवून घेतली. तोही तेवढाच भडकला होता. "तू माझ्यासाठी गप्प बसायचं ठरवलंस. मला विचारलंस? तास लागतो माझ्या घरी यायला. एकदा येऊन विचारलंस, की युलालियो, नाव सांगू की नको? सगळे माझं भलं ठरवतायत. तिकडं शिपाई, इकडं तू."

जेक्स सलूनच्या पायरीवर बसला. निकासियो आला आणि शेजारी बसला. नंतर ऑर्फा येऊन म्हणाली की कोंबडी शिजलीय, भांडण जेवून करा.

चायाश परत गेला नाही. आठव्या दिवशी शिपाई त्याच्या झोपडीत आलेच. त्याची बायको आदल्या संध्याकाळी दोन कोंबड्या आणि जातं घेऊन इकडं पोचली होती. मका उभा होता तो गुरांनी खाल्ला. मोठा मुलगा तिकडच्या फ्लोरेस शहरात सरकारी नोकरीला होता, त्यानं बापाशी संबंध तोडले, कारण बापाच्या नावापायी त्याची नोकरी गेली. जेक्सला हे शेवटपर्यंत खुपलं. एका बुडत्या कागदावरची एक ओळ नीट लिहिली गेली असती, तर एका माणसाचं घर, शेत आणि मुलगा वाचला असता. मोठ्या चर्चांमध्ये अशा गोष्टी कुणाच्या नावावर पडत नाहीत.

इकडं खात्यानं जेक्सला विनापरवाना हद्दीवर काम केल्याबद्दल सहा महिने कामावरून काढलं. ते पत्र त्यानं चुलीत घातलं. आता नाव लपवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून व्हर्नाकडून त्यानं मध्यस्थाच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहवून घेतलं. चायाशनं नाव, गाव सांगितलं, सही येत नव्हती म्हणून अंगठा दिला. गावच्या पाद्र्यानं साक्ष घातली. चार महिन्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं. मध्यस्थीचं काम पूर्ण झालं असून कचेरी बंद करण्यात आली आहे, सबब आपल्या पत्रावर कार्यवाही शक्य नाही, आपल्या आस्थेबद्दल आभार. व्हर्नानं 'पूर्ण झालं' हे शब्द दोनदा वाचले. जेक्स म्हणाला, "पूर्ण झालं म्हणे. वसाहत आहे तिथंच आहे, रेषा आहे तिथंच आहे, झेंडा इंग्रजांचाच आहे. काय पूर्ण झालं? त्यांचा पगार?"

त्यानंतर तेरा वर्षं आम्ही वसाहतच राहिलो. लंडनला, न्यूयॉर्कला बोलणी झाली, परिषदा झाल्या. एक्याऐंशीच्या मार्चमध्ये पुन्हा एक कागद निघाला, पुन्हा आमच्या माथी काय काय मारायचं ते ठरलं, आणि पुन्हा लोक रस्त्यावर आले. या खेपेस माणसं मेली. जेक्स तेव्हा सत्तरीचा, गुडघे गेलेले, ट्रकवर चढता येईना. रेडिओपाशी बसून प्रत्येक बातमीला शिव्या घालायचा. सप्टेंबरात अखेर कसलाही तह न होता झेंडा बदलला. शाळेच्या मैदानावर सकाळी मुलांनी नवं राष्ट्रगीत म्हटलं. राजधानीतून आलेल्या पाहुण्यांनी आपल्या स्वातंत्र्याला मदत करणाऱ्या सर्व मित्रराष्ट्रांचे आभार मानले. जेक्स पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाला, "नावं सांगा की." बँडमास्तरानं घाईघाईनं बँड सुरू केला.

पुढच्या वर्षी नव्या सरकारनं परदेशी लोकांची नोंदणी काढली. तेव्हा पलीकडून रोज माणसं येत होती, तिकडच्या सैन्यानं जाळलेल्या खेड्यांतून, पाठीवर पोरं आणि भांडी घेऊन. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून व्हर्नाची एक जुनी विद्यार्थिनी, मिर्ना कान्टो नावाची, फॉर्म भरत होती. रांग मैदानापर्यंत. चायाश चौदा वर्षं इथं राहत होता तरी त्यालाही रांगेत उभं राहावं लागलं. जेक्स त्याच्याबरोबर गेला. तो उभा राहू शकत नव्हता, म्हणून लोकांनी त्याच्यासाठी खुर्ची रांगेबरोबर पुढं पुढं सरकवली.

मिर्नानं नाव, वय लिहून विचारलं, "कधी आलात, आजोबा?"

"पहिल्यांदा चोपन्न साली. मग अडुसष्टला."

"कारण?"

चायाशनं सांगायला सुरुवात केली. मिर्नानं जरा ऐकलं आणि म्हणाली की फॉर्मवर कारणाला एवढीशीच जागा आहे, मी 'नातेवाईक' असं टाकते, सगळ्यांचं तेच टाकतेय.

जेक्स खुर्चीतून उठला. लोकांनी त्याला कित्येक महिन्यांनी आधाराशिवाय उभा बघितला. "नातेवाईक नाही लिहायचं," तो म्हणाला. "तो सांगतोय ते लिहायचं. मागची बाजू कोरी आहे ना? तिथं लिही."

"मिस्टर जेक्स, मागं रांग बघा केवढी आहे."

"बघतोय. त्यातल्या प्रत्येकाचं पण मागच्या बाजूला लिही. आता कचेरी आपली आहे ना? मग आता तरी नीट लिहा. त्या लोकांना सांगायला कारण होतं की त्यांना जागा नव्हती, वेळ नव्हता, विमान होतं. तुला कुठलं विमान गाठायचंय, पोरी?"

रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. निकासियोनं मागून टेबलापाशी येऊन एक रिकामी पेटी मिर्नाच्या बाजूला ठेवली आणि त्यावर बसून राहिला, जणू आता घाई कुणालाच नाही. मिर्नानं कागद उलटा केला. चायाश सांगत गेला, ती लिहीत गेली. शिपाई, खांब, रेषा, झोपडी, तीन आठवडे. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं. जेक्स डोळे मिटून ऐकत होता.

"थांब," तो म्हणाला. "शिपाई 'रेषेजवळ' थांबले असं लिहिलंयस. रेषेजवळ नाही. रेषेवर. खोड आणि पुन्हा लिही."

मिर्नानं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.